पायाखाली पाणी, घशाला कोरड : आपली मूत्रसंस्था चालते कशी?

 

आजचा भाग इटियाडोहच्या पाळीवर बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळं ऐकणाऱ्यांना मधेमधे वारा ऐकू येईल, तेवढा सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे. ज्यांनी हे ठिकाण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे, तिथं गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे मातीचं धरण बांधलंय. १९७० साली ते पूर्ण झालं. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्यांना याचं पाणी मिळतं. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी ओसंडायला लागलं की बघायला जत्रा जमते.

पण आज विषय धरणाचा नाही. विषय आहे लघवीचा. हो, लघवीचाच. लाजायचं काही कारण नाही.

हा विषय सुचला रोवणीच्या दिवसांत. मी एका बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. दहा-बारा बाया ओळीनं वाकून पऱ्हे रोवत होत्या. घोट्याच्या वर पाणी, पाठीवर ऊन, मधेच सर येऊन जायची. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांतली एकही बाई पाणी प्यायला धुऱ्यावर आली नाही. पाण्याची कॅन भरलेली, तशीच्या तशी. मी एका मावशींना म्हटलं, "मावशी, पाणी तरी प्या जी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी पेलं तं जा लागते ना बाबू. मंग जाचं कोठी?"

खरंच होतं. चारी बाजूंनी सपाट बांध्या, एक झाड नाही, एक झुडूप नाही, आणि शेजारच्या बांधीत ट्रॅक्टरवर गडीमाणसं. जाणार कुठं?

मावशींचं बोलणं ऐकून वाटतं की पाणी वरून आलं आणि खालून गेलं, मधे नुसती नळी आहे. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशीच असते. म्हणून आज बघू, की प्यायलेलं पाणी आणि 'जाणं' यांच्या मधे नेमकं काय घडतं. शेवटी परत बांधीत येऊ, कारण न पिण्याचा हिशेब तिथं चुकतो.

आधी भाग ओळखून घेऊ

मूत्रसंस्थेत मोजून चार गोष्टी आहेत. दोन मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या. त्यांच्यापासून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या. एक मूत्राशय. आणि बाहेर जाणारा एक मूत्रमार्ग.

मूत्रपिंडं पोटात पुढं नसतात. ती पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. उजवं थोडं खाली, कारण त्याच्यावर यकृत बसलेलं असतं. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी १० ते १२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढी. एकाचं वजन १५० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून पाव किलोपेक्षा थोडं जास्त.

आता हे ऐका. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या पाव किलोच्या अवयवांकडं जातो. मिनिटाला सुमारे एक लिटर. एवढं रक्त त्यांना स्वतःला जगायला लागत नाही. ते येतं साफ व्हायला.

सगळं ओता, मग चांगलं उचला

तांदूळ निवडताना आपण काय करतो? सुपात तांदूळ घेतो, खडे शोधतो, खडे उचलून फेकतो. आपल्याला वाटतं मूत्रपिंडही तसंच करत असेल. रक्तातली घाण शोधायची, उचलायची, फेकायची.

ते नेमकं उलट करतं. ते अख्खं पोतं अंगणात ओततं, आणि मग त्यातला तांदळाचा दाणा न् दाणा उचलून परत पोत्यात भरतं. जे उचललं नाही ते अंगणात राहतं. ते राहिलेलं म्हणजे लघवी.

हे कुठं घडतं? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवत असेल, वाटीसारखी एक पिशवी आणि तिच्यातून निघालेली वेडीवाकडी नळी. त्या वाटीत बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. रक्त तिथं दाबानं येतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आतच राहतात, कारण ती त्या भिंतीतून मावत नाहीत. बाकी सगळं, म्हणजे पाणी, मीठ, साखर, युरिया, औषधांचे अंश, वाटीत गाळलं जातं. चांगलं-वाईट असा भेद तिथं नाही.

असं दिवसाला किती गाळलं जातं? सुमारे १८० लिटर. आपल्या अंगातल्या रक्तातला पातळ भाग जेमतेम ३ लिटर असतो. म्हणजे तोच तो भाग दिवसातून जवळजवळ ६० वेळा गाळला जातो.

आणि लघवी किती होते? दीड लिटर, फार तर दोन. मग उरलेले १७८ लिटर गेले कुठं? परत रक्तात. वाटीतून निघालेल्या त्या वेडीवाकड्या नळीच्या भिंती हे काम करतात. साखर पूर्ण परत, मीठ बहुतेक परत, पाणी शंभरातले ९९ भाग परत.

तुम्ही म्हणाल, काहून एवढा खटाटोप? आधी ओतायचं, मग उचलायचं! यात एक मोठं शहाणपण आहे. खडे शोधून काढायचे तर प्रत्येक खडा ओळखता आला पाहिजे. उद्या नवीनच प्रकारचा खडा आला तर? आपण आज अशी औषधं खातो, जी आपल्या पणजोबांच्या शरीरानं कधी पाहिली नव्हती. मूत्रपिंडाला ती ओळखावी लागत नाहीत. त्याला फक्त आपलं धान्य ओळखता येतं, आणि जे आपलं नाही ते आपोआप बाहेर राहतं. काही पदार्थ नळी मुद्दाम बाहेर टाकते, तेही खरं. पण मुख्य काम परत उचलण्याचं.

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : मूत्रपिंडाचं मोठं काम फेकण्याचं नाही, राखण्याचं आहे.

यावरून मधुमेहाचंही एक कोडं सुटतं. जुनी माणसं म्हणायची, लघवीला मुंग्या लागल्या की समजावं साखर आहे. नळीच्या भिंतीत साखर उचलणारे हात ठरावीक आहेत. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की हात कमी पडतात, आणि उरलेली साखर बाहेर जाते. जाताना स्वतःबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून साखर वाढलेल्या माणसाला सारखी लघवी लागते आणि सारखी तहान लागते.

टेलला काय होतं

कालव्याच्या भागात राहणाऱ्यांना 'टेल' हा शब्द शिकवावा लागत नाही. पाटाचं शेवटचं टोक. धरणात पाणी किती आणि मागणी किती, याचा हिशेब शेवटी टेललाच कळतो.

नेफ्रॉनच्या नळीलाही असाच टेल आहे. वरच्या भागात बहुतेक पाणी परत घेऊन झालेलं असतं. लघवी पातळ ठेवायची की घट्ट करायची, हे टेलला ठरतं. आणि ते ठरवतो मेंदू. मेंदू रक्ताची चव घेत असतो म्हणा ना. घाम जास्त गेला, पाणी कमी प्यालं, रक्त जरा खारट झालं, की मेंदूच्या खालची पीयूष ग्रंथी एक संप्रेरक सोडते. ते रक्तातून टेलला पोचतं आणि तिथली बारीक दारं उघडतात. पाणी परत रक्तात, लघवी थोडी आणि गडद. भरपूर पाणी प्यालं की हा निरोप थांबतो, दारं बंद होतात, पाणी बाहेर, लघवी पातळ आणि फिकट.

म्हणजे लघवीचा रंग हा रोजचा फुकटचा रिपोर्ट आहे. फिकट पिवळा ठीक. चहासारखा गडद म्हणजे शरीर पाणी वाचवतंय. मात्र काविळीत आणि काही औषधांनीही रंग बदलतो, हे ध्यानात असू द्या.

आता मावशींच्या हिशेबातली पहिली चूक बघा. पाणी प्यायलंच नाही तर लघवी बंद होईल का? नाही. शरीरात रोज युरिया तयार होतो, तो बाहेर न्यायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. मूत्रपिंड कितीही काटकसर करो, त्याच्याखाली जाता येत नाही. ते पाणी मग अंगातूनच काढलं जातं. न पिण्यानं जाणं थांबत नाही, फक्त थोडं लांबतं आणि घट्ट होतं.

दुसरा एक समज असतो की घाम निघतो, मग लघवीतून निघायचं ते घामातूनच निघून जातं. तसंही नाही. घामाचं काम अंग गार ठेवणं. युरिया बाहेर काढायची मुख्य वाट लघवीचीच.

खालची टाकी आणि तिची दोन दारं

तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून खाली येते. ही नळी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते. लघवी नुसत्या उतारानं येत नाही. नळीचे स्नायू लाटेसारखे आवळत तिला पुढं ढकलतात, म्हणून आपण झोपलेलो असलो तरी काम चालू राहतं. मूतखडा याच नळीत अडकला की त्या लाटा त्याच्यावर आदळतात, आणि ज्यांना ती कळ आली त्यांना विचारा काय असते ते.

मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरपी शिरते. मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबानं हे तोंड मिटतं, आणि लघवी उलटी वर जात नाही. न मोटार, न व्हॉल्व, नुसता तिरपेपणा.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. भरेल तशी ती सैल होत जाते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर झाले की पहिली जाणीव होते. ४०० ते ५०० ला जोरात लागते. खाली दोन दारं आहेत. आतलं दार आपल्या ताब्यात नाही. बाहेरचं दार मात्र आपल्या मर्जीचं. तान्ह्या बाळाला ते सांभाळता येत नाही. दोन-तीन वर्षांचं झालं की ते शिकतं, आणि घरात कौतुक होतं.

त्याच मर्जीच्या दारावर पुढं आयुष्यभर भार पडतो. कंडक्टर, ट्रकचालक, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, शाळेतल्या संडासाला कुलूप म्हणून घरी येईपर्यंत थांबणारी पोरगी, आणि बांधीतल्या बाया.

बांधीत परत

एकदा थांबल्यानं काही बिघडत नाही, पिशवी त्यासाठीच आहे. बिघडतं ते रोजचं झाल्यावर, आणि कमी पाण्याची जोड मिळाल्यावर.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा असतो, पुरुषाचा २० च्या आसपास. त्यामुळं आतड्यातले जंतू बाईच्या मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा जंतुसंसर्ग होतो, यात त्यांच्या स्वच्छतेचा दोष काढण्यासारखं काही नाही, रचनाच तशी आहे. या जंतूंना बाहेर काढायची शरीराची सगळ्यात साधी युक्ती म्हणजे पाण्याचा लोंढा, वारंवार. प्यालं नाही, गेलं नाही, तर जंतूंना साचलेलं डबकंच मिळालं.

यावर २०१८ साली एक नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला, बल्गेरियात केलेला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, निम्म्यांना नेहमीसारखं राहू दिलं. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्यांना ३.२ वेळा. औषध नाही, गोळी नाही, फक्त पाणी.

घट्ट लघवीचं दुसरं फळ म्हणजे मूतखडा. मीठ विरघळायला पाणी कमी पडलं की भांड्याच्या तळाला खडे धरतात, तसंच आत होतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. दिवसभर वाकून कंबर मोडते. संध्याकाळी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणायची, घ्यायची, सकाळी परत बांधीत. अंगात पाणी कमी असतं तेव्हा मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त आधीच आटलेलं असतं. शरीर तिथल्या रक्तवाहिन्या कशाबशा उघड्या ठेवतं. या गोळ्या नेमकी तीच सोय बंद करतात. एखादी गोळी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पण कोरडं अंग, ऊन आणि रोजची गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडाला मार बसू शकतो. म्हणून रोवणीच्या दिवसांत गोळी रोज लागत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि मूत्रपिंड तक्रार करत नाही, हीच खरी अडचण. निम्मे नेफ्रॉन गेले तरी रक्तातलं क्रिएटिनिन जवळपास ठीक दिसू शकतं. एक मूत्रपिंड दान करून माणसं व्यवस्थित जगतात, एवढी त्याच्यात राखीव ताकद आहे. त्यामुळं पायावर सूज, धाप, भूक जाणं ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच काही गेलेलं असतं, आणि गेलेला नेफ्रॉन परत उगवत नाही. तेव्हा डायलिसिस येतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तासांच्या आसपास. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना ही सेवा मोफत मिळू लागली, हे चांगलंच झालं. पण अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. आणि यंत्र लघवीचं काम करतं, बाकीचं नाही.

बाकीचं म्हणजे काय? मूत्रपिंड रक्तदाब सांभाळतं. हाडांच्या मज्जेला निरोप धाडून लाल पेशी तयार करून घेतं. 'ड' जीवनसत्त्व कामाला येईल अशा रूपात आणून हाडं राखतं. म्हणून मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाचा रक्तदाब चढतो, अंगात रक्त कमी होतं, हाडं दुखतात. लोकांना वाटतं तीन वेगळे आजार आहेत.

मग करायचं काय

चार साध्या गोष्टी सांगतो.

एक. तीस-पस्तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. मूत्रपिंडं सगळ्यात जास्त याच दोघांमुळं जातात. ज्यांना यांतलं काही आहे त्यांनी लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनही बघून घ्यावं.

दोन. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, किंवा अर्धा दिवस लघवीच न होणं, यांतलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. गरोदर बाईला नुसती जळजळ झाली तरी दाखवायचं. पुरुषांना पन्नाशीनंतर धार बारीक होऊ लागली तर ते प्रोस्टेट वाढल्याचं असू शकतं, तेही दाखवायचं.

तीन. पाणी घोट घोट, दिवसभर. ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी त्यांचंच ऐकावं.

चौथी गोष्ट बायांसाठी नाही, बांधीच्या मालकांसाठी आहे. मावशींना तहानेचं ज्ञान नव्हतं असं नाही. त्यांनी पाणी आणि अब्रू यांतलं एक निवडलं. त्यांना 'पाणी प्या' म्हणून उपदेश करणं सोपं आहे, मीही तेच केलं होतं. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली, सार्वजनिक जागी बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मागितल्या. शहरात निदान मागायला महानगरपालिका आहे. बांधीत कोणाकडं मागायचं?

बांधीत मालक असतो. चार बांबू, एक जुनी ताडपत्री, धुऱ्याच्या एका कोपऱ्यात खड्डा, शेजारी पाण्याची बादली. पाण्याच्या कॅनपेक्षा आधी हे उभं करा. कॅन मग आपोआप रिकामी होईल. मी ज्या बांधीवर गेलो होतो तिथल्या मालकाला हे सांगितलं, तर ते म्हणाले, "हे कधी डोक्यातच आलं नाही जी." त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. इतकी वर्षं कोणी बोललंच नव्हतं.

तर मंडळी, हा भाग ज्यांच्याकडं यंदा रोवणीला बाया येणार आहेत त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा. प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, नाव न लिहिता पाठवलेत तरी चालतील, या विषयात ते समजून घेतो. पुढच्या भागात मूतखड्यावर सविस्तर बोलू, कारण त्यावर तुमचे प्रश्न आधीपासूनच साचलेत.

चला, ऊन चढलंय. मीही दोन घोट पाणी पितो. नमस्कार.